साठ दिवसांची गाठ

सुतळी मांडीवर वळताना कातडी सोलवटते, हे बिलकीस पंचवीस वर्षांत विसरून गेली होती. माहेरी, जयगडच्या खाडीवर, आईच्या मांडीवर एक तांबूस पट्टा कायमचा उमटलेला असायचा. आता तसाच पट्टा तिच्या मांडीवर उठत होता, आणि तोही दुबईजवळच्या उम्म अल कुवेनमध्ये, जिथे नायलॉनची दोरी मागाल त्या रंगाची मिळते आणि तागाची सुतळी मागितली तर दुकानदार हसतो.

हारुनने अरबाबाच्या, म्हणजे लाँचच्या मालकाच्या, गोदामातून तांदळाची रिकामी गोणपाटं आणून तिच्यापुढे टाकली होती.

"ह्यातनं धागे उसव आणि वळ," तो म्हणाला. "युरोपातून धागा यायचा होता, तो जबल अलीच्या कस्टममध्ये अडकलाय. साहेब म्हणतो थांबायला वेळ नाही, वर्ष संपायच्या आत पैसा खर्च झाला पायजे."

"आणि बांधायचं काय?"

"गरगुरांची दारं. चाळीस आहेत."

गरगूर म्हणजे तारेचा घुमटासारखा पिंजरा, कमरेएवढा उंच. आत शिरलेला मासा बाहेर पडत नाही. दोरी आणि बोया लावून तो समुद्राच्या तळाशी सोडतात. हारुन ह्या चाळीस गरगुरांच्या कुशीला ताटाएवढं भोक पाडून त्यावर तारेचंच दार बसवत होता. दार वरच्या बाजूने सुतळीने बांधायचं, असं ठरलं होतं.

"चांगल्या पिंजऱ्याला भोक कशाला पाडलं?" बिलकीसने विचारलं.

"सरकारची परीक्षा आहे. साठ दिवस पाण्यात राहायचीत. तू बांध, चांगलं बांध."

"कसली परीक्षा पण?"

"तुला काय करायचंय गो? सांगितलं तेवढं कर."

हे उत्तर बिलकीसला लग्नापासून पाठ होतं. तिने दुसरं गोणपाट मांडीवर ओढलं.

परीक्षेत उतरलं तर काय होणार, हे मात्र तिला ठाऊक होतं, कारण ते अरबाबाच्या स्वयंपाकघरातच बोललं गेलं होतं. बिलकीस तिथे सकाळ-संध्याकाळ रोट्या करायची. अरबाबाच्या थोरल्या मुलाने दुबईतल्या एका टॉवरमध्ये चार फ्लॅट धरले होते. मागच्या वर्षी मंदी आली आणि टॉवर सतराव्या मजल्यावर थांबला. वर क्रेन तशीच उभी राहिली. तेव्हापासून घरात लाँच विकायची भाषा सुरू झाली होती. हारुन एकवीस वर्षं त्या लाँचचा नाखवा होता. लाँच गेली की त्याचा व्हिसा खलास, आणि त्याचा गेला की बिलकीसचा आणि यम्नाचाही. मग ही योजना आली. मासेमारी सुधारण्यासाठी अर्धा पैसा इथल्या सरकारच्या निधीतून, अर्धा युरोपातल्या सरकारांच्या निधीतून. परीक्षेत उतरलेल्या लाँचला नवं इंजिन मिळणार. इंजिन मिळालं तर विकायचं नाही, असं अरबाब बायकोला म्हणाला होता.

तेव्हा बिलकीसने बांधायचं ते जीव लावूनच बांधायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून एक बाटली काढली. काळं, दाट, काजूच्या टरफलाचं तेल. भावाने गावाहून पाठवलेलं. त्यांच्याकडे जाळ्याची सुतळी ह्या तेलात बुडवल्याशिवाय कोणी पाण्यात टाकत नसे. तेल प्यालेल्या सुतळीला खारं पाणी काही करत नाही. आई म्हणायची, बिनतेलाची सुतळी पाण्यात टाकणं म्हणजे आळशी बाईचं लक्षण.

"अम्मी, व्हॉट इज दॅट स्मेल?" तेरा वर्षांची यम्ना शाळेचं दप्तर टाकून नाक धरून उभी राहिली. "इट्स डिसगस्टिंग!"

"तुझ्या व्हिसाचा वास आहे," बिलकीस म्हणाली. "खिडकी उघड आणि तिकडे अभ्यासाला बस."

तेल अंगाला लागलं की भाजतं. तिने आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं होतं, तरी चाळिसावी गाठ बसेपर्यंत बोटांच्या बेचक्यांतून फोड आले. दुसऱ्या दिवशी काही फुटले. नमाजाआधी वजूचं पाणी हातावर घेतलं की डोळ्यांत पाणी यायचं. तशीच ती रोट्या करायला गेली. अरबाबाच्या बायकोने हात पाहिले आणि परात तिच्यापुढून ओढून घेतली. रागावली नाही, फक्त फिलिपिनो मुलीला कणीक मळायला बोलावलं आणि बिलकीसला दाराकडे बोट दाखवलं. आठ दिवस तिला त्या ओट्याला हात लावू दिला नाही. आठ दिवस ती मागच्या अंगणात खजुराच्या बिया निवडत बसली.

हारुनने हात पाहिले तेव्हा विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. दारं चांगली बांधलीत."

त्याने एका दाराला पायाने रेटून पाहिलं. दार हललं नाही. "बरी बांधलीस," तो म्हणाला. तेवढ्यावर बिलकीसने फोड सोसले.

गरगूर सोडायच्या दिवशी निधीच्या ऑफिसातून निनाद आला. मूळचा पुण्याचा, चाळिशीच्या आतला, शारजात राहणारा. शारजाच्या रस्त्यावर दोन तास अडकून आल्याने घामेजला होता, आणि पायात पॉलिश केलेले बूट घालून मासळीच्या धक्क्यावर चालत होता.

"हारुनभाई, प्रत्येकाला नंबर पाहिजे. बोयावर पण आणि पिंजऱ्यावर पण. फोटो पाहिजे. हा फॉर्म अरबाबांच्या सहीचा, हा तुमच्या, ही कॉपी माझी, ही युरोपची."

"युरोपला कशाला कॉपी?"

"पैसे त्यांचे पण आहेत. सस्टेनेबल फिशिंग. म्हणजे शाश्वत मासेमारी."

"शाश्वत एक अल्ला, साहेब," हारुन म्हणाला. "आपण आपली मासेमारी करू."

निनाद हसला. त्याने एका गरगुराला हात लावला, बोटं हुंगली आणि रुमालाला पुसली. पण काही विचारलं नाही. त्याचं लक्ष फॉर्मवर होतं. चाळीस गरगूर लाँचवर चढले आणि खाडीबाहेरच्या बेटाच्या पलीकडे तळाशी गेले. ते साठ दिवस कोणी उचलायचे नाहीत, अशी अट होती. हारुनची रोजची मासेमारी दुसऱ्या गरगुरांवर चालू राहिली.

चव्वेचाळिसाव्या दिवशी निनाद पुन्हा आला, कारण तिसऱ्या फॉर्मवर अरबाबाची सही चुकीच्या रकान्यात पडली होती. अरबाब घरी नव्हता. हारुनने साहेबाला आपल्या दोन खोल्यांत आणून बसवलं. बिलकीसने चहा टाकला.

"भाभी, साखर कमी. बायकोने बंद केलीय," निनाद म्हणाला आणि मग दोन चमचे घालून घेतली. "आमच्या ऑफिसात अकरा टेबलं होती. आता चार भरलेली आहेत. हे प्रोजेक्ट पास झालं तर माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे. नाही तर बायकोला सांगितलंय, बॅगा माळ्यावर ठेवू नकोस."

"होईल पास," बिलकीस म्हणाली. तिला त्याची दया आली. "दारं मी स्वतः बांधलीत. साठ काय, सहाशे दिवस हलायची नाहीत."

निनादचा कप ओठांपाशी थांबला. "हलायची नाहीत?"

"सुतळीला तेल पाजलंय. काजूचं. आमच्याकडचं."

"भाभी, ती सुटायला पाहिजेत." निनादने कप खाली ठेवला. "तोच तर मुद्दा आहे! वादळात पिंजरा हरवतो. मग तो तळाशी बसून मासे पकडत राहतो, कोणाच्या उपयोगाचे नसलेले मासे, वर्षानुवर्षं. म्हणून दार अशा धाग्याने बांधायचं की साठ दिवसांत धागा कुजावा, दार पडावं, मासे सुटावेत. इनोव्हेशन तेच आहे. हारुनभाई, तुम्ही सांगितलं नाहीत?"

हारुन दाराच्या चौकटीकडे बघत होता.

बिलकीसने त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. फोड गेले होते, कातडी गुलाबी आणि पातळ आली होती.

"मला म्हणाले, चांगलं बांध," ती म्हणाली.

निनाद गेल्यावर ती भांडली नाही. तिने कप विसळले, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाली, "एक वाक्य होतं. दार पडायला पायजे. तीन शब्द. ते तुमच्या तोंडातून निघाले नाहीत."

"बाईमाणसाला काय सांगायचं, असं मला वाटलं."

"बाईमाणसाने बांधायचं तेवढं!"

"आता ओरडून काय होणार? साहेब म्हणून गेलाय, परीक्षा बदलता येत नाही, युरोपहून बाई तारीख घेऊन येतेय." हारुनने कपाळावर हात मारला. मग हळूच म्हणाला, "सुटली नाहीत तर सोडवता येतात."

"म्हणजे?"

"आदल्या दिवसांत जाऊन वर काढायचे, सुरी लावायची, परत सोडायचे."

"ते खोटं आहे."

"मग काय खरं सांगत गावी जाऊ? गावी काय ठेवलंय? भावांच्या घरात एक खोली मागू? यम्नाला मराठी वाचता येत नाही, ती कुठल्या शाळेत जाईल?"

 बिलकीसला संताप आला. चूक तिची नव्हती, आणि तरी हात तिचेच होते. तिने रात्रीच्या जेवणाला डाळ केली. मासा केला नाही. हारुनने विचारलंही नाही.

पंचावन्नाव्या दिवशी पहाटे हारुन दोन बंगाली खलाशांना घेऊन निघाला आणि दुपारी परतला तेव्हा त्याच्या तळव्यांना दोरीने चिरा पडल्या होत्या. दहा झाले होते. छप्पन्नाव्या दिवशी बारा. सत्तावन्नला शमाल सुटला. धुळीने आकाश पिवळं झालं, धक्क्यावरचे पत्रे वाजू लागले, लाँचा एकमेकींना घासू लागल्या. तीन दिवस कोणी खाडीबाहेर गेलं नाही. हारुन दारात उभा राहून वाऱ्याला शिव्या देत होता.  अठरा दारं अजून तिची होती.

साठाव्या दिवशी वारा पडला आणि युरोपच्या इंगा मॅडम आल्या. उंच, गोऱ्या, नाकाला पांढरं मलम, पायांत रबरी बूट. निनादने ह्या वेळी साधे बूट घातले होते. लाँचवर बाईमाणूस एकटं नको, म्हणून अरबाबाने बिलकीसला चहाची किटली घेऊन यायला सांगितलं. अरबाब स्वतः नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला, सतरंजी टाकून तसबीहची माळ फिरवत बसला.

हारुनने लाँच सरळ आपल्या बावीस गरगुरांकडे नेली. पहिला वर आला. दार लोंबत होतं, आत एक खेकडा. इंगा मॅडमनी टाळी वाजवली. दुसरा वर आला, तिसरा आला. दारं लोंबतच होती. निनाद फोटो काढत होता आणि प्रत्येक फोटोबरोबर त्याचा चेहरा उजळत होता. सातव्या गरगुरापाशी इंगा मॅडम गुडघ्यांवर बसल्या, सुतळीचं टोक हातात घेतलं आणि काहीतरी विचारलं.

"मॅडम म्हणतात, किती अचूक काम आहे. कोणी बांधलं?" निनाद म्हणाला.

"माझ्या बायकोने," हारुनने मोठ्याने सांगितलं.

इंगा मॅडमनी बिलकीसचा हात आपल्या हातात घेतला. नव्या कातडीवर त्यांचा अंगठा फिरला. त्या काहीतरी बोलल्या, हळू, आणि त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले. बिलकीसला शब्द कळले नाहीत, पण ह्या हातांना पहिल्यांदाच कोणी असं धरलं होतं. आणि तेही सुरीच्या कामासाठी.

तिने सुतळीचं टोक पाहिलं. कुजलेल्या सुतळीला दाढी सुटते. हे टोक नखासारखं साफ होतं.

"निनादसाहेब," ती म्हणाली, "त्यांना सांगा. ही कुजली नाही. सुरीने कापलीय. बावीसच्या बावीस."

हारुनचा हात चाकावर घट्ट झाला. निनादच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. मग तो इंगा मॅडमकडे वळून इंग्रजीत काही बोलला. मॅडम आणखी हसल्या आणि त्यांनी बिलकीसचा हात दाबला.

यम्नामुळे बिलकीसला तेवढं इंग्रजी कळत होतं.

"थँक्यू मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

"भाभी," निनाद दबक्या आवाजात म्हणाला, "प्लीज. माझी पोरं आहेत. तुमची मुलगी आहे. कोणाचं काय जातंय?"

खरंच, कोणाचं काय जात होतं? बिलकीसने क्षणभर विचार केला. पलीकडे, बेटाच्या उथळ अंगाला, एकतीस नंबरचा नारिंगी बोया डुलत होता. त्याच्या खाली तिची गाठ होती. साठ दिवस तिथे काय चाललं असेल, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती किटली खाली ठेवून नाळेकडे गेली आणि स्वयंपाकघरातल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, "अरबाब, अजून एक. तो, तिकडचा."

अरबाबाने तिच्याकडे पाहिलं, मग हारुनकडे.

"तिकडे पाणी कमी आहे, लाँच तळाला लागेल," हारुन घाईने म्हणाला.

"यल्ला," अरबाब म्हणाला आणि बोयाकडे हात केला.

एकतीस नंबर वर यायला वेळ लागला. जड होता. पाण्याबाहेर आला तसा वास आधी आला आणि निनाद तोंडाला रुमाल लावून मागे सरला. आत एक मोठा हामूर मासा कुजून फुटला होता. त्याला खायला शिरलेले मासे त्याच्याच अंगावर मरून पडले होते, आणि त्यांना खायला शिरलेला एक मासा अजून तोंड उघडत-मिटत होता. दार जागच्या जागी होतं. इंगा मॅडमनी दोन्ही हातांनी ते ओढलं. हललं नाही. त्यांची बोटं काळी झाली.

बिलकीसने त्यांचे हात धरून बाजूला केले. "भाजेल," ती मराठीत म्हणाली, आणि पदराच्या टोकाने पुसू लागली. मग बाजूला पडलेलं कापलेलं टोक उचलून तिने ह्या गाठीशेजारी धरलं. 

अरबाबाने हारुनला विचारलं, "कोणी कापलं?"

"मी," हारुन म्हणाला.

अरबाब उठला. सत्तरीचा माणूस, अनेक वर्षांत त्याने चाकाला हात लावला नव्हता. त्याने हारुनला खांद्याने बाजूला सारलं आणि लाँच स्वतः वळवली. धक्क्यापर्यंत हारुन खलाशांमध्ये, ओल्या दोऱ्यांवर बसून राहिला. चहा कोणीच घेतला नाही.

त्यानंतर सव्वीस दिवस हारुन बिलकीसशी बोलला नाही. लाँचवर त्याला बोलावणं आलं नाही, आणि व्हिसा रद्दही झाला नाही. तो सकाळी धक्क्यावर जायचा, बांधलेल्या लाँचकडे बघायचा, परत यायचा. बिलकीस रोट्या करायची. अरबाबाची बायको काही विचारत नव्हती. फक्त एके दिवशी परात तिने स्वतःहून बिलकीसच्या पुढे सरकवली.

"अब्बा इज नॉट टॉकिंग टू यू," यम्ना म्हणाली. "आर वी गोइंग बॅक?"

"माहीत नाही."

"यू कुड हॅव जस्ट शट अप, अम्मी."

"हो," बिलकीस म्हणाली. "जमलं नाही."

सत्ताविसाव्या दिवशी निनाद आला. उभ्या उभ्याच कागद काढला.

"बावीस रद्द. अठरा धरले, तेल लावल्याच्या नोंदीसकट. एकही उघडलं नाही. मॅडमनी लिहिलंय, परीक्षा पुन्हा घ्यावी, बिनतेलाच्या सुतळीवर. बोयांना त्या आपलं सील लावणार. इंजिनाचं आत्ता काही नाही, निकाल लागल्यावर बघू म्हणतात. अरबाबांनी सही केलीय. म्हणाले, साठ दिवस, मग खलास. तोवर विकत नाहीत." त्याने कागदाची घडी केली. "बरोबर रकान्यात केली ह्या वेळी."

"आणि तुमचं, साहेब?"

"माझं पण साठ दिवस. आपण सगळे सुतळीवर आहोत." तो जायला वळला, मग थांबला. "भाभी, तुम्ही माझी नोकरी घालवणार होता."

"आणि तुम्ही माझ्या तोंडात थँक्यू घातलंत," बिलकीस म्हणाली. "चहा घेणार? साखर बंद आहे ना?"

तो घेऊन गेला. दोन चमचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हारुन गोणपाटं घेऊन आला. ह्या वेळी टाकली नाहीत, ठेवली. मग तिच्यासमोर बसला, लुंगी गुडघ्यावर ओढली आणि तीन धागे मांडीवर ठेवून वळू लागला. दहाव्या सुतळीला तो कळवळला.

"सोलवटतंय गो!"

"मग?"

तो वळत राहिला. दुपारी तिने पहिलं दार बांधलं, दात लावून गाठ आवळली. हारुनने बोटाने ओढून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"एवढी घट्ट कशाला? जरा ढिली ठेव. लवकर सुटेल, धोका नको."

बिलकीसने त्याच्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांचा नाखवा, मांडीला लाल पट्टा उठलेला, आणि अजून सुरीच्याच वाटेने विचार करणारा.

"गाठ घट्टच बसणार," ती म्हणाली. "कुजवायचं काम पाण्याचं आहे. त्याच्यात तुम्ही पडू नका."

हारुनने श्वास सोडला आणि दुसरा गरगूर तिच्याकडे सरकवला.